नाक्यावरचं कुंकू

नातवाच्या व्हिसाच्या अर्जात परवा एक प्रश्न वाचला. अलीकडं कुठल्या देशात जाऊन आलात, तिथं ताप वगैरे आला होता का? पोरगा वैतागला, मला मात्र हसू आलं. असल्याच प्रश्नांच्या शेजारी माझं लहानपण गेलं. आमचं घर कनेरगावच्या नाक्याला चिकटून होतं. पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी मुलूख, आणि अलीकडं निजामाची मोगलाई. माझे वडील, म्हणजे बापू, नाक्यावर कारकून होते. वाशीमहून सकाळी निघालेली बैलगाडी दुपारी आमच्या दारात यायची, तरी आम्ही वाशीमला परमुलूखच म्हणायचो.

प्लेगच्या दिवसांत बापूंकडं उर्दूत छापलेले कागद यायचे. कुठून आलात? गेल्या दहा दिवसांत मुक्काम कुठं? घरात कुणाला ताप? काखेत, जांघेत गाठ? माणसं सगळ्याला ‘न्हाई’ म्हणायची, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणायची. कारण खरं बोललं की माळावरच्या झोपडीत दहा दिवस. पुरुषांचा हात धरून बापू ताप बघत. बायकांचं काय करणार? परक्या पुरुषानं हात लावला तर नाक्यावरच मारामारी व्हायची. म्हणून ते काम मायच्या गळ्यात पडलं. पगार नाही की हुकूम नाही, नवऱ्याची अडचण एवढंच.

मायनं त्यावर आपली एक युक्ती काढली होती. ती कुणाला काही विचारतच नसे. कुंकवाचा करंडा घेऊन सरळ गाडीपाशी जायची. सवाष्ण दारावरून चालली आहे, तिला कुंकू लावलं तर नको कोण म्हणेल? लावताना बोट कपाळावर जरा जास्त वेळ टेकवायची, आणि ताप तिला कळायचा. विधवा असली तर वाकून पायाला हात लावायची. मुसलमान बाई असली तर तिचे दोन्ही हात हातात घेऊन खुशाली विचारायची. मग आत येऊन बापूंना ‘थंड’ किंवा ‘तापलीय’ एवढंच सांगायची. मला या युक्तीचा भारी अभिमान होता. कपाळावर कुंकू घेऊन हसलेली बाई घटकाभरात माळाकडं रडत निघायची, त्यात काही वावगं आहे असं माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

अक्का, माझी थोरली बहीण, वाशीमकडच्या एका खेड्यात दिलेली. तिला सातवा महिना लागला आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची ठरली. सासरे आणून सोडणार होते. तिच्या कुशीत कुठल्या बाजूला झोपायचं हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

गाडी दिसली तशी मी पळत सुटले. पण अक्कानं गाडीतूनच हात केला.

“लांब राहा गं. धुळीनं भरलेय मी.”

पदर तिनं पार भुवयांपर्यंत ओढला होता. मी रुसून बाजूला उभी राहिले. मला काय कळणार, ती मला कशापासून लांब ठेवते आहे ते!

सासरे उतरले, बापूंना रामराम घातला. बापू कागद घेऊन बसले. स्वतःच्याच लेकीचा कागद लिहायचा म्हणून की काय, त्यांचा आवाज उगीच सरकारी झाला.

“गेल्या दहा दिवसांत मुक्काम कुठं?”

“आता आमाले बी इचारता का इवाई? आमच्या घरी व्हती, अजून कुठं?”

“घरात कुणाला ताप?”

“नाई.”

“पोरीला?”

“नाई म्हटलं ना.”

मागं गाड्यांची रांग लागली होती. ही कारकुनाची लेक, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे टक लावून बघत होते. बापूंनी मायकडं पाहिलं. माय करंडा घेऊन पुढं झाली, अक्काचा पदर जरा मागं सारला आणि कुंकू लावलं.

ते टिकलंच नाही. पसरलं, आणि एक लाल ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. कपाळ ओलं होतं. पलीकडच्या ओढ्यात उतरून अक्कानं कपाळावर पाणी मारलं होतं आणि वर ओला पदर ओढून घेतला होता. मायचं बोट काय करतं हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पण अक्का याच घरातून गेली होती.

मायनं आपल्या पदरानं तो ओघळ पुसला.

“थंड?” बापूंनी विचारलं.

मायनं करंडा खाली ठेवला. मग तिनं अक्काच्या मानेखाली, चोळीच्या पाठीत हात घातला आणि तिथंच ठेवला.

“तापलीय,” ती म्हणाली.

सासरे भडकले. “माहेरच्याच नाक्यावर पोरीले अडवता? मंग मी वापस नेतो तिले!” बैल अजून जुंपलेलेच होते. सातव्या महिन्याचं पोट, अंगात ताप, आणि पुन्हा तीच खडबडीत वाट. माय व्याह्यांसमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी पदर घट्ट धरून, खाली बघत, पण रांगेतल्या शेवटच्या गाडीला ऐकू जाईल असं ती बापूंना म्हणाली, “त्यांना सांगा, पोरगी हितंच राहील. माळावर राहील, अन् मी बी राहीन तिच्यासंगं.”

सासरे गाडी वळवून निघून गेले. बापूंनी कागदावर दोन नावं लिहिली. पहिलं लेकीचं, दुसरं मायचं.

मी रोज भाकरी घेऊन जायचे, झोपडीपासून वीस पावलांवर ठेवायचे आणि ओरडून विचारायचे, “माय, गाठ न्हाई ना आली?” माय आतून “न्हाई” म्हणायची. पहिले तीन दिवस मला ते ‘न्हाई’ नाक्यावरच्या माणसांच्या ‘न्हाई’सारखंच वाटायचं. घरी येऊन मी चुलीपाशी बसून रडायचे, बापू मला उगी करायचे आणि स्वतः जेवायचे नाहीत. चौथ्या दिवशी कोयनेलच्या गोळ्यांनी ताप उतरला. साधा हिवताप होता. तरी दहा दिवस भरावेच लागले. दोन महिन्यांनी अक्का आमच्या घरी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली.

माय मात्र नाक्यावर पुन्हा गेली नाही. “दुसरी कुणी बघा,” एवढंच बापूंना म्हणाली. लेकीनं आपल्याला फसवू बघितलं, हे तिच्या मनाला लागलं असावं, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. शेवटी माय अगदी थकली, तेव्हा एका दुपारी तिचे पाय चेपताना मी विचारलंच, “अक्कानं कपाळ काहून ओलं केलं व्हतं गं?”

“मला खोटं बोलावं लागू नये म्हणून. झोपडीत पहिल्याच दिशी सांगितलं तिनं. म्हणे, तुझ्या बोटाला थंड लागलं असतं, तू थंड म्हणाली असतीस. तुझ्यावर कसलं पाप न्हाई.”

“पण तू तर खरंच सांगितलंस.”

मायनं पाय जवळ ओढून घेतले.

“गाडी दिसली तवाच मी ठरवलं व्हतं. कपाळ कितीबी पोळू दे, थंड म्हणायचं. दुसऱ्यांच्या इतक्या लेकी माळावर धाडल्या, पण माझी धाडायची न्हाई. मग ते कुंकू वघळलं. पोरगी तापल्या आंगानं ओढ्यात उतरली व्हती, माझ्या ह्या बोटापायी. ते बघितलं, तवा कुठं माझ्या तोंडून खरं निघालं.”