‘थॉ’ला मराठीत काय म्हणतात

दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये मी इंग्रजी शिकवते. बँकेच्या परीक्षेला बसणारी मुलं असतात. त्या दिवशी फळ्यावर ‘थॉ’ हा शब्द होता. गोठलेला बर्फ वितळू लागणं हा एक अर्थ, ताणलेले संबंध निवळू लागणं हा दुसरा. बर्फ पडताना वर्गात कुणीच पाहिलेला नव्हता, मीही नाही. म्हणून फ्रीजरमधल्या मटारांचं उदाहरण दिलं.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, थॉ हुआ तो नीचे पानी गिरता. पोछना पडता. रिश्तों में भी ऐसाइच होता क्या?”

परीक्षेत तेवढं विचारत नाहीत, असं मी तिला सांगितलं.

रात्री जेवताना बाबांना हे सांगितलं. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

“मराठीत काय म्हणशील?” त्यांनी विचारलं.

“वितळणं.”

“ते तुपाचं.”

“विरघळणं?”

“ते साखरेचं.”

“मग तुम्हीच सांगा.”

बाबा विचार करत बसले. पोळी गार झाली. “आजोबांच्या कोशात असेल,” शेवटी म्हणाले. कोश वरच्या मजल्यावर होता, मोठ्या काकांकडे.

बरकतपुऱ्यातलं आमचं घर दोन मजली. वर मोठे काका आणि काकू, खाली आम्ही. काकांनी जन्मभर वकिली केली. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा तेलुगू. पत्रिका तेलुगूत आणि इंग्रजीत छापली. मराठीची एक ओळ नाही म्हणून बाबा भडकले. काका म्हणाले, “वाचणार कोण? पोरांना वाचता येतं का?” मला उत्तम वाचता येतं, पण मला कुणी विचारलं नाही. बाबा लग्नाला गेले नाहीत. आई आणि मी गेलो. जेवण चांगलं होतं.

तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं पाण्याच्या मोटरीपुरतं उरलं, तेही सरळ नाही. बाबा अंगणात उभे राहून आभाळाकडे बघत म्हणायचे, “मोटर चालूच आहे.” थोड्या वेळाने मोटर बंद व्हायची. आई गेली तेव्हा काका दहा दिवस रोज खाली येऊन बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. एक शब्द बोलले नाहीत. बाबाही नाहीत.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला वर पाठवलं. “कोश आण. मी मागितला म्हणू नकोस.”

काकांनी ओळखलं. “कोश खाली जाणार नाही. पानं सुटलीत. शब्द काय आहे?”

मी सांगितला.

“पाघळणे. सांग त्याला.”

मी खाली येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, “मेणबत्ती पाघळते. नाहीतर कुणी गोड बोललं की माणूस पाघळतो. दोन देश काय पाघळतात? विचार त्यांना.”

मी विचारलं. काका म्हणाले, देशही पाघळतात, त्याने पेपर वाचावा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी पर्स घेतली आणि काकांना म्हटलं, “तुम्ही दोघं बघा. माझा क्लास आहे.”

मी जिना उतरत होते तोच मागून काका आले. कोश टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला. खालचं दार उघडंच होतं. बाबा उठून उभे राहिले.

“दादा, पाघळणं होऊच शकत नाही.”

“तू आधी चष्मा लाव,” काका म्हणाले.

मी जिन्यातच थांबले. आईला हे कळायला हवं होतं, असं वाटलं. बस चुकली.

संध्याकाळी परत आले तेव्हा दोघं जेवणाच्या टेबलाशी होते आणि काकू त्यांना तिसरा चहा देत होती. शब्दाचा निकाल लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी चार वाजता काका पुन्हा आले, मग रोजच येऊ लागले. भांडण शब्दांवरूनच. पत्रिकेचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दिवाळीला काकांची मुलगी नवऱ्याला घेऊन आली. बाबा सहा वर्षांनी जिना चढून वर गेले. त्यांच्या हातात एक साडी होती. ही कधी घेतली, मला माहीत नव्हतं. तिला देऊन म्हणाले, “तेव्हा द्यायची राहिली.” ती रडायला लागली. काका पंख्याकडे बघू लागले, पंखा बंद होता.

बाबांनी मग जावयाकडे वळून आपल्या मोडक्या तेलुगूत विचारलं, “बागुन्नारा?”

त्याचं मराठी बायकोकडून शिकलेलं. तो हात जोडून म्हणाला, “हो काका, मी बरी आहे.”

“बरा,” बाबा म्हणाले.

“बरा,” तो म्हणाला.

बाबांनी त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.