शस्त्रपूजेचा हार

मंडळी, आज सकाळी अमरावतीत दसऱ्याची फुलं आणायला गेले आणि अजून डोळ्यांपुढे सगळं पिवळंच आहे. रस्ताभर झेंडू, वर कोवळं ऊन. स्वप्नातून चालल्यासारखं वाटत होतं.

आमच्या नेहमीच्या फुलवाल्या मावशी हार ओवत बसल्या होत्या. तेवढ्यात एक पोलीस शिपाई आला. "ऊठ रस्त्यावरून!" म्हणाला आणि त्या उठायच्या आत मनगटावर काठी हाणली. टोपली लवंडली. झेंडू आवाज न करता घरंगळत गेले, आणि आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. मीसुद्धा.

मावशी बाजूच्या पायरीवर सरकल्या. सुजल्या हातानं त्यांनी तोच हार पुरा केला. थोड्या वेळानं एक हवालदार तो न्यायला आले. ठाण्यात काठ्या-बंदुकांची पूजा होती.

"हाताले काय झालं, मावशी?"

"हा हार ज्या काठीले घालसान साहेब, तिलेच विचारा."

ते मान खाली घालून हार घेऊन गेले.

मी म्हटलं, "मावशी, तक्रार करू."

"कुठी करतं बाई? हार गेला तिथंच?"

मंडळी, तुमच्याकडे आहे याचं उत्तर?