मिशी मोठी की हात

देवळाली प्रवऱ्यातले आमचे शेजारी गिरणीवाले दादा मिशीला पीळ देऊ लागले, की रस्त्यावरच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न द्यायचा विसरे. प्रत्येक वाक्याला एक पीळ ठरलेला. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून एकटी डावी मिशी आभाळाकडे बघे आणि उजवी गळक्या नळासारखी लोंबे.

परवा राहुरीचे डॉक्टर म्हणाले, "झटक्यानंतर मेंदू सावरायला बायकांच्या शरीरातलं एक हार्मोन उपयोगी पडेल का, याचा अभ्यास चालू आहे."

"म्हंजी मिशा झडनार?" दादा ओरडले.

"अवो, रोज घास मी भरवती, मिशी न्हाई भरवत!" वहिनी कडाडल्या.

डॉक्टर हसून म्हणाले, "ते औषध अजून आलेलं नाही. तोवर व्यायाम करा."

घरी येईपर्यंत दादा डाव्या मिशीला एवढे पीळ देत राहिले, की गल्लीतली कुत्री घाबरून भुंकायची थांबली. सकाळी पाहतो तर मिशी सफाचट! डाव्या हातानेच भादरलेली, ओठावर कापल्याच्या खुणा.

"दादा, औषध तर आलंच नाही अजून!"

"आन् आल्यावर मीच मिशीपायी न्हाई म्हनलो, तर हिनं जलमभर घास भरवायचा व्हय?"