म्हशीला कळत असतं

फोन आला तेव्हा मी म्हशीखाली बसले होते आणि ती धार देत नव्हती. तिला सरांच्या हाताची सवय. सर म्हणजे माझे यजमान. कडेगावच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, म्हणून गावाबरोबर मीही सरच म्हणत आले. सकाळी सांगलीला व्याख्यानाला गेले होते, संध्याकाळच्या धारेला परतणार होते. फोन त्यांच्या सहकाऱ्याचा. व्याख्यान संपवून खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत... मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा कासेला पाणी मारलं.

त्याला दोनेक महिने होत आले. रडू काही येत नव्हतं. भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडून रडून गेल्या, मी त्यांना चहा दिला. धाकट्या जाऊबाईंनी पाठ चोळून बघितली. "आवं आक्का, रडा की. छातीत बसंल ते." पण आत नुसतं गप्प. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोन यायचा, "सर आहेत का?" माझ्या तोंडून निघून जायचं, "बाहेर गेलेत." याला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे. उभा जन्म स्वयंपाकघरातून तेच ऐकलंय.

सर मूळचे वडूजकडचे, जनावरांत वाढलेले. परीक्षा जवळ आली की पोरांना घरी बोलवायचे आणि ओसरीवर त्यांचा तो व्हिएन्नाचा दाढीवाला डॉक्टर सुरू व्हायचा. सोसवेना झालं की मन आपल्यालाच कसं गंडवतं, त्या संरक्षण यंत्रणांचा धडा. साहेबाचा राग बायकोवर काढला की विस्थापन. आपल्या मनातलं पाप शेजाऱ्याच्या माथी मारलं की प्रक्षेपण. तेव्हा आतून भांडं जरा जोरात आपटलं की सर म्हणायचे, "हे बघा, चालू उदाहरण." घडलेलंच नाकारलं की अस्वीकार, आणि तो शिकवायला मात्र त्यांना म्हैसच लागायची. "रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात भुसा भरून म्हशीम्होरं ठेवत्यात. ती चाटती, पान्हा सोडती. तिला कळत न्हाई व्हय?" पोरं म्हणायची, न्हाई सर. "कळतं रं गड्या, लय कळतं. पर तेवढ्या वेळापुरतं तिला ते लागतं."

आणि हाच माणूस! उन्हाळ्यापासून चढ आला की त्यांचा हात छातीवर जायचा. विचारलं की, "ॲसिडिटी हाय." मी म्हटलं, पोरांना शिकवता ते काय मग? तर हसून म्हणाले, "ते पेपरात ल्ह्यायला." सांगलीच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर आमच्या लेकीचं, सायलीचं, बाळंतपण होऊ दे, मग बघू. नातू झाला, बारसं झालं, आणि मग बघायचं राहून गेलं. मला राग येतो. हे लिहितानाही येतोय. त्यांना कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

ते गेल्यावर म्हैस मला लाथा झाडू लागली. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजींचा गोठ्यातला स्वेटर घालून बसा." कोपरावर विरलेला तपकिरी स्वेटर, पेंडीचा, दुधाचा, त्यांच्या घामाचा वास असलेला. म्हशीनं बाही हुंगली आणि पान्हा सोडला. तेव्हापासून दोन्ही वेळेला तो घालून बसते. आपण भुसा भरलेलं रेडकू झालो, एवढं कळत होतं. पण त्याचंही काही वाटत नव्हतं.

परवा जाऊबाईंनी तो धुऊन टाकला. "लय मळला हुता, आक्का." दोरीवर लटकलेला बघून मी इतकंच मनात म्हटलं, आता हिची धार गेली. संध्याकाळी तसाच घातला. नुसता साबणाचा वास. म्हशीनं बाही हुंगली, परत हुंगली, मान वळवून माझ्याकडं बघितलं... आणि पान्हा सोडला. बादली भरत आली तसं मी तिच्या पोटाला डोकं टेकलं. "गेले गं ते," म्हणाले. हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं. मग जे रडू आलं, ते जाऊबाई धावत येईपर्यंत थांबलं नाही.

आता फोन आला की "सर गेले" असं सांगते. स्वेटर मात्र अजून घालते. म्हशीला तो लागत नाही. तेवढ्या वेळापुरता मला लागतो.