लेकीच्या वाफ्यात खाडी

माझी बायको सरू गेली त्या दिवशी सकाळी आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं, ते म्हंजे माती चाखली.

(चिमूटभरच. येड लागलं न्हवतं.) सरू जिभेवर माती ठेवून खारेपणा सांगायची. आमचं रान वडवणीजवळ, त्यातला वढ्याकाठचा तुकडा चोपण, म्हंजे खारवट. उन्हाळ्यात त्याच्यावर मिठासारखं पांढरं फूल येतं. असल्या तुकड्यात तिनं वांगी काढली, तीबी टोपल्यानं! मला ती चव जन्मात कळली न्हाई, कारण माझ्या तोंडात कायम तंबाखू. पण त्या दिवशी लेकीच्या वाफ्यातली माती गप तिच्या शेजारी बसून चाखली. ती माती खारी मीच केलती ना!

आमच्या लेकीनं, सुनितानं, पुण्यात नोकरीला असताना आपलं आपण लग्न जमवलं अन् गेली थेट कोकणात, खाडीकाठी. घरामागं मातीचा बांध, पलीकडं खाडी, अलीकडं खारी चिकणमाती. इहीणबाई, म्हंजे सुनिताची सासू, तोंडानं लई फटकळ. लेकीला म्हणल्या, "तुमच्या बीडकडं कुसळं उगवतात, तू काय भाजी पिकवणार? हे घे तीन वाफे. यात भाजी काढून दाखव, मग माझ्या घरात शहाणपण शिकव." लेकीनं तळ्याचं गोडं पाणी घागरीनं वाहून मेथी अन् मुळा बोटभर वर आणला. आमी भेटाय गेलो तर तिनं आधी वाफे दाखवले, प्यायला पाणी नंतर दिलं!

तिसऱ्या दिवशी घरची सगळी बाजाराला गेलती. सरू ओट्यावर तांदूळ निवडत व्हती. मी बांधावर चढलो, अन् बघतो तर काय! सकाळी जिथं नुसता चिखल व्हता, तिथं तुडुंब पाणी. ना मोटर, ना लाईट, ना बोअर. आपलं आपण आलेलं!

मी बीड जिल्ह्याचा माणूस. टँकरमागं कळशी घेऊन पळालेला. बांधाच्या एका अंगाला फुकटचं पाणी उभं, अन् दुसऱ्या अंगाला माझी लेक घागरी वाहून कंबर मोडून घेतीया! ही कोकणातली माणसं एवढी आळशी कावून, असं माझ्या मनात आलं. (आलं तर आलं. खोटं कावून बोलू?) समुद्र खारा असतो एवढं मलाबी ठाऊक व्हतं. पण समुद्र दिसतच न्हवता की! हे पाणी गढूळ, आमच्या सिंदफणेच्या पुरावानी. तरी खात्री म्हणून चूळ भरली. तंबाखूत सगळं तंबाखूच लागलं.

बांधाखाली एक मोरी हाय, तिला लाकडाची फळी. तिला उघाडी म्हणत्यात. ओहोटीला उघडून आतलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद ठेवायची. हे मला नंतर कळलं. त्या वक्ताला मी फळी उचलली, पाणी धो धो आत आलं, अन् मला वाटलं, माझा सत्कार व्हायला पायजे!

"सरे! आगं ये, लेकीच्या घागरी वाचवल्या!"

सरू आली. मेथीच्या शेंड्याला धरून एक खेकडा बसलेला. तिनं पाण्यात बोट बुडवलं अन् जिभेला लावलं.

"अवं, हे मीठ हाय!"

"जरासं असंल."

"जरासं? ह्या पाण्यात डाळ शिजवली तर वरनं मीठ घालाया नको!"

मी फळी दाबाया पळालो. पाण्याचा जोर असा, की हातातनं फळी निसटली अन् माझ्याआधी घराकडं निघाली. काय सुचंना. मग मी सोताच मोरीच्या तोंडाला पाठ लावून बसलो.

"अडलं का गं?"

"निम्मं. जाड माणूस असता तर समदं अडलं असतं. जेवा म्हणलं तर ऐकत न्हाईत तुमी!"

आयुष्यात पहिल्यांदा बारीक असल्याची लाज वाटली. फळी सापडंना, सरू साड्यांचे बोळे आणून माझ्या बगलेतनं कोंबत व्हती, अन् बरोबर तवाच बाजारची माणसं परत आली. छातीइतक्या पाण्यात मी, डोक्यावर टोपी.

"याही," इहीणबाई म्हणल्या, "आंघोळीला घरात न्हाणी हाय."

मग त्यांना वाफे दिसले. सुनितालाबी दिसले. तिनं हातातली पिशवी तेवढी खाली ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मी सांगितलंच होतं," इहीणबाई म्हणल्या, "बीडवाल्यांच्या हातून..."

"इहीणबाई," सरू म्हणली, "माझ्या नवऱ्याला काय म्हणायचं ते म्हणा, त्यो हायच तसला. लेकीला म्हणू नका. पंधरा दिवस द्या, वाफे गोड करून देते."

"खार गोडी करायला पावसाळा लागतो, बाई."

"आमच्यापाशी हाय की पावसाळा," सरू म्हणली अन् माझ्याकडं बोट केलं.

झालं! मी पावसाळा झालो. सकाळ-संध्याकाळ तळ्यातनं घागरी आणून ओतायच्या. ते पाणी मातीतलं मीठ घेऊन चरात उतरायचं, ओहोटीला इहीणबाई उघाडीतनं सोडायच्या. (उघाडीला नवी फळी बसवली, पण तिला हात लावायची मला बंदी!) सरूनं उंच वरंबे ओढले, वर भाताचा पेंढा पसरला. म्हणली, "ऊन लागलं की मीठ खालनं वर येतं." रोज सकाळी माती चाखायची अन् थुंकायची. "अजून खारी." माझी कंबर गेली, तरी "अजून खारी." दहाव्या दिवशी इहीणबाईबी तिच्याशेजारी बसून माती चाखाया लागल्या. जन्म खाडीवर गेला त्यांचा, पण विचारायच्या सरूलाच, "काय गं, उतरलं का?"

तर त्या सकाळी सरू थुंकली न्हाई. माती जिभेवर घोळवली अन् हसली.

"झाली गोड. उद्या बी टाकू. अन् ऐका, माथ्यावर न्हाई, वरंब्याच्या खांद्यावर टाकायचं. राहिलेलं मीठ माथ्यावर चढून बसतं."

"उगवू दे आधी," इहीणबाई म्हणल्या. पण हळू म्हणल्या.

दुपारी भाकरी खाऊन सरू जरा कलंडली, ती उठलीच न्हाई. डॉक्टर म्हणला, हृदय. सांज व्हायच्या आत खाडीकाठीच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मेथीचं बी घेऊन मी वाफ्यावर गेलो. सुनिता मागं आली.

"आबा, सुतक हाय."

"सुतक आपल्याला हाय, वाफ्याला न्हाई. तुझी माय उद्या म्हणलती. तिचा उद्या आजच हाय."

पहिला वाफा झपाझप उरकला. उठून बघतो, तर समदं बी माथ्यावर! तवा ध्यानात आलं. चाळीस वर्षं मी असंच टाकत आलो असणार, अन् ती मागनं येऊन गपचूप खांद्यावर सरकवत असणार. अन् मी गावभर सांगायचो, माझ्या हाताला गुण हाय!

मग बसलो खाली अन् एकेक बी वेचाया लागलो. इहीणबाई आल्या. समोर बसल्या, अन् मातीत बोटं घालून म्हणल्या, "याही, काय हरवलं?"

"अक्कल."

"सापडतीया का?"

"पाऊण तर काल जाळून आलो, इहीणबाई. उरलेली हुडकतोय."