नागपूरच्या बाकावर चाकणचा करार

मंत्र्यांच्या दालनातून मी उठून बाहेर आले आणि दाराशीच थांबले. दोन मिनिटांत कोणीतरी मागे येईल असा माझा अंदाज होता.

माझा धंदा पगारकरारांचा. कंपनी आणि युनियन यांच्यात दर काही वर्षांनी पगारवाढीचा लेखी करार होतो. त्याच्या बोलणीत मी युनियनच्या बाजूने बसते. सुरुवात भोसरीत वायर हार्नेसच्या लाइनवर केली. हार्नेस म्हणजे गाडीत वायरींचा जो जुडगा असतो तो. उभ्याने वायरी ओवता ओवता भांडायला शिकले, आणि पुढे भांडणच पोटापाण्याचं झालं. चाकण, भोसरी, तळवडे, कुठल्याही प्लांटच्या एचआरला माझं नाव विचारा. चांगलं बोलणार नाहीत, पण ओळखतील.

आमच्या कामातलं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे उठून जाणं. साहेब नाही म्हणाला की फाइल मिटायची, खुर्ची आवाज करून मागे सारायची आणि चालू लागायचं. पार्किंगपर्यंत जायच्या आत एचआरचा माणूस धावत येतो. "ताई, चहा तरी घ्या." खरी बोलणी त्या चहापासून सुरू होतात.

नागपुरात कोणी आलं नाही. दार उघडलं ते शिपायाने पुढचं नाव पुकारण्यासाठी. शिक्षकांचं एक शिष्टमंडळ आत गेलं आणि आमच्याच खुर्च्यांवर बसलं.

माझ्यासोबत चाकणजवळच्या निघोज्यातल्या प्लांटवरच्या दोघी होत्या, रेश्मा आणि मंगल. बोलणारा उठला की सगळ्यांनी उठायचं, ही शिस्त मीच त्यांना लावलेली. त्याही माझ्यामागे बाहेर आल्या. आत एकटी उरली मुक्ता. शेवटी तीही आली.

मुक्ता वकील आहे, पण कोर्टात जात नाही. ती एका नेटवर्कची समन्वयक आहे. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या संस्था, युनियन आणि काही प्राध्यापक यांनी मिळून ते बांधलंय. कामगारांच्या, बायकांच्या बाजूचा एखादा नियम राज्यात व्हावा म्हणून ते आमदारांच्या मागे लागतात. दुसऱ्या राज्यांतही त्यांच्यासारखी नेटवर्कं आहेत. एकाने केलेला मसुदा दुसरा मागून घेतो. हे सगळं मला नवीन होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचं कुतूहल होतं. कंपनीच्या दारात मी आयुष्य काढलं. पण कायदा जिथे होतो ते दार कसं असतं, कधी पाहिलं नव्हतं.

मुक्ता ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, लक्षवेधी उद्या आहे," ती म्हणाली. "मंत्र्यांचं उत्तर आज संध्याकाळी टाइप होतं. आपली वेळ हीच होती."

लक्षवेधी म्हणजे एखाद्या आमदाराने तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधण्यासाठी दिलेली सूचना. अधिवेशनात अशा सूचनांचा ढीग पडतो, थोड्याच चर्चेला लागतात. जी लागते तिच्यावर मंत्र्याला सभागृहात उभं राहून बोलावंच लागतं. आमची लागली होती. त्यासाठी मुक्ता किती महिने राबत होती, ते मला नंतर कळलं.

"मंत्र्यांशेजारचा तो अधिकारी काय म्हणाला ऐकलंस ना?" मी म्हटलं. "असे प्रकार निदर्शनास आलेले नाहीत. रेश्मा समोर बसलीय आणि म्हणे निदर्शनास नाही."

"ते तसंच म्हणतात. त्यानंतर आपण बोलायचं असतं."

रेश्मा आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. म्हणाली, "ताई, मग आपलं झालं का बिघडलं?"

आम्ही नागपूरला जो प्रश्न घेऊन आलो होतो तो तिचाच होता, म्हणून तो आधी सांगते.

रेश्मा मूळची औशाकडची. नवरा हिंजवडीला आयटीवाल्यांची कॅब चालवतो. ती निघोज्याजवळच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे आहे. दोन वर्षांची मुलगी सासू सांभाळायची. एके दिवशी रेश्मा माझ्या दारात आली. "सासू थांबंना झाली, ताई. थोरल्या जावेचं बाळंतपण हाय. संक्रांत झाली की गावाकडं चालली. मग लेकरू कुठं ठेवू? खोलीला कुलूप घालू का?"

नोकरी सोडावी लागणार होती. एकट्या कॅबच्या कमाईत खोलीचं भाडं आणि गाडीचा हप्ता दोन्ही भागत नव्हतं. तिच्या लाइनवर अशा आणखी बायका होत्या.

ठराविक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असल्या तर कंपनीने पाळणाघर ठेवायचं, असं कायद्यात आहे. पण त्या प्लांटमध्ये कंपनीच्या म्हणून थोड्याच बायका. बाकीच्या पाच-सहा ठेकेदारांत वाटलेल्या. मोजायची वेळ आली की जो तो आपल्यापुरत्या मोजतो. कोणाचीच संख्या भरत नाही. गेटातून सकाळी बायकांची रांग आत जाते, पण हिशेबात ती रांग नसतेच.

मी तिथल्या एचआर हेडकडे गेले होते. नाईक त्यांचं नाव. आम्ही एकमेकांना जुन्या करारांपासून ओळखतो. ते म्हणाले, "सुरेखाताई, तुमचा करार पर्मनंट कामगारांचा. कॉन्ट्रॅक्टच्या बायकांवर मी तुमच्याशी कुठल्या नात्याने बोलू?" मी पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर गेटवरच सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. उठून जायला आधी बसायला तर मिळालं पाहिजे.

म्हणून मी मुक्ताच्या नेटवर्ककडे गेले. पहिली बैठक बाणेरच्या एका हॉटेलात होती. तिथे माझी ओळख करून दिली, "या आपल्या ग्राउंडवरच्या ताई." माझ्या हातून झालेले करार मोजले असते तर त्या खोलीत सगळ्यात जास्त कागदांवर माझी सही निघाली असती. पण मी ग्राउंडवरची. ते मी विसरले नाही.

त्यांची कामाची पद्धत बघून तर मी चाटच पडले. मुक्ताने सगळा विषय एका पानात लिहिला होता. गेटच्या आत येणाऱ्या सगळ्या बायका एकत्र मोजा. लहान कंपन्यांनी मिळून एक पाळणाघर चालवा. दोन्ही शिफ्टना ते उघडं ठेवा. हे पान तिने सत्ताधारी आमदाराला दिलं, विरोधी आमदाराला दिलं, आणि उद्योजकांच्या संघटनेलाही पाठवलं.

"आपले पत्ते समोरच्याला?" मी विचारलं.

"त्यांना नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळू दे. उद्या कोणी म्हणायला नको की आम्हाला विचारलं नाही."

आमच्या धंद्यात याला वेडेपणा म्हणतात. मनातला आकडा मी युनियनच्या अध्यक्षालाही सांगत नाही.

तर त्या दुपारी विधानभवनाच्या आवारात मुक्ता फोन लावत फिरत होती, पुन्हा पाच मिनिटं मिळतात का म्हणून. मी रागाने, खरं तर स्वतःवरच्याच रागाने, एका बाकावर जाऊन बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला नाईक बसले होते. हातात बिनसाखरेचा चहा, गळ्यात पासची दोरी.

"तुम्ही इथे?" मी म्हटलं.

"तुमच्यामुळेच. उद्योजकांच्या संघटनेने पाठवलं. आमची वेळ तुमच्यानंतर आहे." मग हसले. "उठून आलात म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"शिपाई सांगत होता. चाकणची सवय नागपूरला आणलीत ताई. इथे पार्किंग लांब आहे."

मला हसू आलं. पण डोकं चालू झालं होतं. ज्या माणसाने मला गेटवरून परत पाठवलं, तो दिवसभराचा प्रवास करून या बाकावर आला होता. मॅनेजर पाठवला नव्हता, स्वतः आला होता. म्हणजे उद्याच्या लक्षवेधीत काय होईल याची त्यांनाही धास्ती होती. सभागृहात गरमागरमी झाली की मंत्री सगळ्या कंपन्यांची तपासणी जाहीर करून मोकळे होतात, असं मुक्ताने सांगितलं होतं. तपासणी आली की फक्त पाळणाघर तपासत नाहीत.

"साहेब, तपासणी लागली तर किती ठेकेदारांची रजिस्टरं उघडतील?" मी विचारलं.

"धमकी देताय?"

"विचारतेय. माझ्याशी बोलायला तुमचं नातं नव्हतं ना? आता एका बाकाचं झालं."

नाईकांनी चहा खाली ठेवला. "प्रत्येक कंपनीत पाळणाघर जमणार नाही. आमचे मालक ऐकणार नाहीत."

"प्रत्येक कंपनीत नको. चार-पाच जणांनी मिळून एक करा. पण बायका गेटवर मोजायच्या, ठेकेदाराच्या वहीत नाही."

"गेटवर मोजलं तर सगळेच कक्षेत येतात."

"येऊ देत ना. तुमचे शेजारी सुटले आणि खर्च एकट्या तुमच्यावर पडला तर चालेल?"

हे त्यांना पटलं. स्वतःच्या खर्चापेक्षा शेजाऱ्याची सुटका जास्त टोचते, हे मी प्रत्येक करारात पाहिलंय.

"सेकंड शिफ्टला मात्र नाही," ते म्हणाले. "रात्री साडेअकरापर्यंत लहान मुलं सांभाळायला माणूस कुठून आणू?"

"मग तीन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या बाईला सेकंड लावायची नाही. कायम फर्स्ट. आणि पाळणाघर सुरू होईपर्यंत जी रजेवर जाईल तिला ब्रेक द्यायचा नाही."

ब्रेक म्हणजे ठेकेदार काही दिवस माणसाला घरी बसवतो आणि मग नवीन म्हणून घेतो. जुनी नोकरी पुसली जाते.

नाईकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला की ते हो म्हणायच्या बेतात असतात. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

"ब्रेकचं मी बघतो, पण ते कागदावर येणार नाही," ते म्हणाले.

"तुमचा शब्द चालेल. मोडलात तर मी गेटवर येईन."

मी मुक्ताला हाक मारली. तिने लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथेच चार ओळी लिहिल्या. कुठला शब्द सरकारच्या नियमात बसतो, कुठला बसत नाही, हे तिलाच माहीत होतं. मी सांगितलेलं वाक्य तिने तीनदा फिरवलं. प्रत्येक वेळी पळवाट एकेक कमी होत गेली. तिच्या पानावरची सेकंड शिफ्टची ओळ मी सांगेना तेव्हा ती थांबली.

"ताई, ही तुम्ही कोणाला विचारून सोडलीत?"

"रेश्माला संक्रांतीनंतर मूल ठेवायला जागा पाहिजे."

"दुसऱ्या जिल्ह्यांतल्या बायकांचं काय? त्या सेकंड करतात. आता त्यांना फर्स्टला लावायच्या ऐवजी कामावरच घेणार नाहीत."

ती चुकत नव्हती, हे मला आजही वाटतं. मी म्हटलं, "हे आज मिळतंय. ते उद्या माग." तिने ओठ दाबून ओळी पूर्ण केल्या.

नाईकांच्या वेळेत आम्ही दोन्ही बाजू एकत्र आत गेलो. मघाचाच अधिकारी होता. कंपनीवाले आणि कामगारवाले एकच कागद घेऊन आलेत हे पाहिल्यावर त्याने पेनचं टोपण काढलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. आमदारांनी सूचना वाचली. मंत्री उभे राहिले. पाळणाघरं नाहीत हे खरं आहे का, तर "अंशतः खरे आहे" असं उत्तर आलं. मग बाकावरची आमची वाक्यं एकेक करून त्यांच्या तोंडून बाहेर पडली. गेटवरची मोजणी, सामायिक पाळणाघर, आईला पहिली शिफ्ट. दोन्हीकडून बाकं वाजली. पुढचा विषय रस्त्याचा होता.

रेश्मा माझ्या कानाशी आली. "झालं?"

"झालं."

"एवढ्यासाठी रातभर गाडीत बसलो व्हय?"

परिपत्रक निघायला वेळ लागला. संक्रांत झाली, सासू गेली. रेश्मा मुलीला घेऊन औशाला राहिली. ठेकेदाराने ब्रेक द्यायचा प्रयत्न केला. मी नाईकांना एक फोन केला. एकच केला, पण शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. उन्हाळ्यात निघोज्यात एका प्लांटच्या कँटीनमागे दोन खोल्यांचं पाळणाघर सुरू झालं. रेश्मा परत आली, फर्स्ट शिफ्टला. मुलगी पहिला आठवडा रडली. आता घरी यायच्या वेळेला रडते.

नेटवर्कने या सगळ्याचा एक अहवाल काढला. रंगीत आहे. त्यात "स्थानिक पातळीवरील संवाद" असा एक परिच्छेद आहे. तो संवाद म्हणजे तो बाक. माझं नाव नाही. त्यातल्या एका फोटोत माझा हात तेवढा आहे, चहाचा कप धरलेला. मुक्ताला विचारलं तर म्हणाली, डिझाइनवाल्याने फोटो कापला.

मी बरेच दिवस धुसफुसत होते. मग एका कराराच्या बोलणीत नाईक समोर आले आणि मला आठवलं, हा माणूस चाकणमध्ये माझ्यासमोर बसायला तयार नव्हता. लक्षवेधी लागली नसती तर तो त्या बाकावर आलाच नसता. तो बाक मुक्ताने मांडला होता. मी फक्त बसले.

बोलणीचं टेबल मांडणारा वेगळा आणि टेबलावर बसणारा वेगळा. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही, आणि काम झालं की नाव घ्यायला मात्र दोघंही विसरतात.

म्हणून मी इथे मुक्ताचं नाव घेतलं आहे. तिने माझं घेतलं नव्हतं.