आडवी सायकल आणि समोरची माणसं

आडवी सायकल लोक का चालवत नाहीत यावर मी अर्धा तास न थांबता बोलू शकते. खरंच! डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलसमोर बोललेच होते.

थांबा, आधी आडवी सायकल म्हणजे काय ते सांगते. इंग्रजीत तिला रिकम्बंट म्हणतात. सीट खुर्चीसारखी असते आणि एकदम खाली. पाठ टेकून मागं रेलायचं, पाय समोर लांब करायचे, आणि पेडल पुढच्या चाकाच्याही पुढं. म्हणजे आपण टीव्ही बघत बसल्यासारखे बसतो आणि खालून रस्ता पळतो. कंबरेवर भार नाही, मनगटावर भार नाही, वाराही कमी लागतो. एवढं सगळं चांगलं, तरी परदेशात पण फार कोणी चालवत नाही, असं मी वाचलं होतं.

एक्स्टर्नलनं विचारलं, "मग लोक घेत का नाहीत?" मी सुरूच झाले. सर, रिक्षावाल्याला ती दिसतच नाही. चढ आला की उभं राहून पेडल मारता येत नाही. डबलसीट नाही. दळणाचा डबा ठेवायला जागा नाही. गल्लीत वळत नाही. चेन तीन सायकलींच्या चेन जोडून केलेली, ती पडली की कुठलाच सायकलवाला हात लावत नाही. पावसात चाकाचा चिखल थेट तोंडावर. आणि सर, कुत्री! कुत्र्याचं तोंड आणि आपलं तोंड एका लेव्हलला येतं!

सर हसले. मार्क मस्त मिळाले. एक कारण मात्र मी सांगितलं नाही, कारण तेव्हा मला ते माहीतच नव्हतं. पप्पांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

पप्पा नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर होते आणि आम्ही सिडकोत राहायचो. माझ्या जन्माच्या आधीपासून ते कंपनीत सायकलनं जायचे. कंपनीची बस होती, पण बसमध्ये त्यांना करमायचं नाही. मूळचे चांदवडकडचे, दिसेल त्याला हाक मारायची सवय. घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत रामराम घालत जायचं आणि घालत यायचं. मम्मी म्हणायची, "हे सायकल चालवत नाहीत, मतं मागत फिरतात."

मग त्यांच्या मणक्यात गॅप निघाला. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद, दचके बंद, वाकणं बंद. पप्पा बसनं जायला लागले. कुरकुर काही नाही. फक्त रविवारी सायकल धुवायचे. न चालवलेली सायकल! तेल घालायचे, चाक हातानं फिरवून बघायचे आणि परत जिन्याखाली लावायचे.

हे मला बघवायचं नाही, आणि त्यात प्रोजेक्टला विषय सापडत नव्हता. खरं काय ते सांगते, दोन्ही गोष्टी होत्या. सायबर कॅफेत बसले होते आणि एक फोटो वरून खाली हळूहळू उघडत होता. आधी हेल्मेट आलं, मग पोट आलं, मी वाट बघतेय की आता खाली सायकल येईल, तर पाय समोर! मी कॅफेतच ओरडले, "पप्पांची सायकल!" शेजारचा माणूस दचकून माझ्याकडं बघायला लागला.

ग्रुपमध्ये आणखी दोन मुलं होती, पण त्यांना तयार प्रोजेक्ट बाहेरून विकत आणायचा होता. मीच हट्ट केला. ग्रिलवाल्याच्या दुकानात वेल्डिंग ठरलं. दोन जुन्या सायकली कापायच्या होत्या. एक भंगारात मिळाली. दुसरीचा शोध चाललेला, तर पप्पाच म्हणाले, "माझी घे की."

"तुमची?"

"पडूनच हाय ना. कशाला दुसरी शोधते?"

मी लगेच घेतली. एवढं लगेच घ्यायला नको होतं, निदान एकदा तरी नाही म्हणायचं. कटर सुरू झाला तेव्हा पप्पा रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, "पप्पा, बघा ना!" तर म्हणाले, "तू बघ. मला ठिणग्या सोसत नाय." आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस! मी हसले. मला तो जोक वाटला.

सीटला आम्ही जुन्या पलंगाची नवार विणली. पुढचं चाक लहान मुलांच्या सायकलचं. कॉलनीच्या ग्राउंडवर पप्पा पहिल्यांदा बसले तेव्हा मी मागून धरून पळत होते. मग सोडलं. गेले की!

"दुखतंय का?"

"नाय!"

"थोडं तरी?"

"नाय गं बाई, कायच नाय!"

एक चक्कर, दुसरी चक्कर, थांबायचं नावच नाही. मम्मी गॅलरीतून ओरडत होती, "अहो, पुरे! लोकं हसतायत!" आणि पप्पा स्वतःच सगळ्यांत जास्त हसत होते. त्या संध्याकाळी मी जेवलेच नाही, एवढी खूश होते.

एक गोष्ट बघितली होती. बसायच्या आधी ते चपला काढून हँडलला अडकवायचे. मला वाटलं ग्रिपसाठी. मी रिपोर्टमध्ये लिहिलं पण: चालक अनवाणी असल्यास पेडलवर पकड चांगली राहते. छापून, बाइंडिंग करून कॉलेजच्या लायब्ररीत आहे ते अजून.

पप्पा रोज आडव्या सायकलनं कंपनीत जायला लागले. मी सगळ्यांना सांगत सुटले. एकदा मम्मी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझी सायकल फास्ट आहे ना गं?"

"मग! साध्या सायकलपेक्षा फास्ट."

"मग हे बसच्याही आधी घरातून का निघतात? चालत जातात का काय?"

मी म्हटलं, सवय होईपर्यंत वेळ लागतो. परीक्षा झाली, मार्क मिळाले, आणि मला वाटलं की पप्पांचे रस्त्यावरचे भारी फोटो काढावेत. त्यांना न सांगता सकाळी स्कूटीवर मागं गेले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी रोज सकाळी अंगण झाडायच्या. त्या दिसल्याबरोबर पप्पांनी ब्रेक दाबला. एक हात जमिनीला टेकवला, कुशीवर झाले, गुडघ्यावर आले, मग उठले. हँडलच्या चपला काढून पायात घातल्या. सायकल ढकलत आजींच्या समोरून गेले. "काय आजी, बरंय ना?" पुढं जाऊन परत चपला काढल्या, परत बसले. दूध केंद्राशी परत उतरले. मारुतीच्या देवळाशी परत. शाळेत निघालेल्या एक बाई आल्या, परत. मला आधी वाटलं चेन पडतेय. मी स्कूटी पुढं घेतली.

"पप्पा, काय झालं? चेन का?"

"अगं, तू कुठं इकडं? नाय, चेन लय भारी चालते."

"मग सारखं उतरताय का?"

त्यांनी स्वतःच्या पायांकडं बघितलं. "समोरून माणूस येतं ना. त्याच्या तोंडासमोर तळपाय धरून कसं जायचं?"

मी स्कूटी बंद केली.

"देवाला एक सांगता येईल," ते म्हणाले, "आजीला काय सांगू?"

आमच्याकडं कोणाला चुकून पाय लागला तर आपण लगेच हात लावून नमस्कार करतो. वडीलधारं समोर असलं तर पाय पसरून बसत नाही. हे सगळं मला माहीत होतं, जन्मापासून! आणि मी एक असं वाहन बनवलं की त्यावर बसलेला माणूस जगाला तळपाय दाखवतच पुढं जातो. वजन काढलं, गिअर रेशो काढला, आणि हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुझी परीक्षा होती ना."

बरं, मी अशी की मला वाईट वाटलं की बसवत नाही, लगेच उपाय काढायचा असतो. मी ठरवलं, पायांसमोर पडदा लावू! चौकात कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फाटून खांबाला लोंबत होता. वाढदिवस कधीच होऊन गेलेला. मी तो कापून आणला, वायरची चौकट केली, आणि पांढरी बाजू बाहेर दिसेल असा लावला. छापलेली बाजू आत. एकदम झकास! पप्पांचे पाय गायब. पप्पा पण म्हणाले, "आता कसं!" दुसऱ्या दिवशी ते चपला घालून बसले. मी स्कूटीवर मागं.

उन्हात फ्लेक्स आरपार दिसतो हे मला माहीत नव्हतं. त्रिमूर्ती चौकात मी सिग्नलला अडकले आणि पप्पा पुढं गेले. पुढं चहाच्या टपरीवर चार पोरं उभी होती. त्यांना काय दिसलं, तर भाऊ हात जोडून शुभेच्छा देतायत आणि मागून कोणीतरी त्यांच्या तोंडावर धडाधड लाथा मारतंय.

मी पोचले तेव्हा पोरांनी सायकल धरली होती. "ओ काका, उतरा खाली. भाऊंना लाथा मारताय होय?"

पप्पांना पटकन उठता येईना. एकानं दंडाला धरून ओढलं. ते उभे राहिले, चपला काढल्या, आणि हात जोडले. माझ्याएवढ्या पोरांसमोर! "चुकलं माझं. ध्यानात नाय आलं."

मी ओरडले, "अहो, मी लावलाय तो! त्यांना काही माहीत नाही!"

"ताई, शिकलेल्या दिसता. तुम्हाला फोटो दिसला नाही?"

दुसरा हसत म्हणाला, "जाऊ दे रे. म्हातारं माणूस हाय." पप्पा तेव्हा पन्नाशीचे पण नव्हते. पोरांनी फ्लेक्स फाडून काढला, भाऊंची नीट घडी घातली आणि टपरीवाल्याकडं ठेवायला दिली. पप्पांनी सायकल ढकलत घरी आणली. वाटेत एवढंच म्हणाले, "मम्मीला सांगू नको."

दुसऱ्या दिवसापासून बस. मी ग्रिलवाल्याकडं गेले, म्हटलं पप्पांची जुनी सायकल परत जोडून द्या. तो म्हणाला, जोडतो पण भरवसा नाही, भार आला की जोड लचकेल. तशीही ती त्यांना चालवता आली नसती, सगळे मला हेच सांगतात. मला कळतं. तरी ती जिन्याखाली उभी असती ना! धुतली असती त्यांनी रविवारी. आता जिन्याखाली माझा प्रोजेक्ट होता, आणि तो ते धूत नव्हते.

मग एका रविवारी पेपर वाचता वाचता ते म्हणाले, "गौळाण्याच्या रस्त्याला माणसं कमी असतात, नाय?"

मी उडालेच! पाथर्डी गावापर्यंत पप्पांनी सायकल ढकलत नेली, पुढं शेतं सुरू झाल्यावर बसले. मी स्कूटी हळूहळू शेजारून चालवत होते. काय पळवली त्यांनी! कोबीची वावरं, द्राक्षाचे मांडव, आणि रस्त्यावर कोणी नाही. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. मग लगेच वाटलं, हा माणूस लोकांसाठी सायकल चालवायचा, आणि मी त्याला जिथं माणूस नाही अशा रस्त्यावर आणून सोडलंय.

तेवढ्यात वळणावरून एक बाई डोक्यावर घासाचा भारा घेऊन आल्या. पप्पांनी ब्रेक दाबला आणि उठायला लागले. ह्या वेळी मी अगदी जवळ होते. त्यांचा चेहरा दिसला. श्वास धरला होता, ओठ आत घेतले होते, एक हात कंबरेवर.

"पप्पा, दुखतंय तुम्हाला!"

"चालवताना नाय."

"उठताना?"

"उठताना जरा."

एवढ्या खालच्या सीटवरून उठणं म्हणजे त्या कंबरेला किती! आणि सातपूरला जाताना ते आजीसाठी उठायचे, बाईंसाठी उठायचे, मारुतीसाठी उठायचे. मला कळेपर्यंत, रोज. मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, चालकाच्या पाठीवर कोणताही ताण येत नाही.

बाई निघून गेल्या. पप्पा परत बसले. मी स्कूटी पुढं काढली. पुढं एक आजोबा म्हैस घेऊन येत होते. मी गाडी थांबवली.

"बाबा, मागून माझे वडील येतायत. आडव्या सायकलवर."

"पडलेत का काय?"

"नाही, चालवतायत. कंबर दुखते म्हणून आडवे बसतात. त्यांचे पाय तुमच्या समोर येतील, राग मानू नका."

"मला कसला राग? म्हशीचं सांग, ती बुजल."

"आणि तुम्हाला बघून ते उठायला लागतील, त्यांना उठू देऊ नका."

आजोबांनी म्हैस कडेला घेतली. पप्पा वळणावर दिसले, ब्रेक दाबला, हात जमिनीकडं गेला, आणि आजोबा लांबूनच ओरडले, "अहो बसा बसा! उठू नका! पोरीनं सांगितलंय!"

पप्पा अर्धवट कुशीवर तसेच थांबले. मग परत मागं रेलले. आजोबांच्या समोरून गेले तेव्हा पाय शक्य तेवढे आत घेतलेले, पेडल मारत नव्हते, नुसती सायकल घरंगळत होती. एक हात सोडून म्हणाले, "राम राम!" सायकल एवढी डुगडुगली की मी किंचाळले. आजोबा म्हणाले, "हात नका सोडू, पोचला रामराम!"

तेव्हापासून तसंच ठरलं. मी पुढं स्कूटीवर, दिसेल त्याला सांगत, माफी मागत. पप्पा मागून. आता त्या रस्त्याच्या लोकांना माहीत झालंय, काही जण मला बघूनच ओरडतात, "येतायत का? येऊ द्या!" पण नवीन माणूस कोणीतरी असतंच, म्हणून पप्पा एकटे निघत नाहीत.

मला पुण्यात नोकरी लागली. एकाआड एक रविवारी नाशिकला जाते, कधी तेही जमत नाही. गेले नाही त्या रविवारी मी मम्मीला फोन करते आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारते, "पप्पांनी काढली का सायकल?"

"नाही. म्हणाले, पुढं कोण सांगेल?"

या रविवारी माझ्या कंपनीत काम निघालंय. शनिवार संध्याकाळ झाली, आणि मी अजून घरी कळवलेलं नाही.